उलट्या शिफ्टचा अर्ज

बाबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आज लिहिते आहे, कारण आज कारखान्यात एकाने मला विचारलं, हे कुठं शिकल्या, आणि मी खोटं बोलले.

तुम्ही नाकाडोंगरीकडच्या खाणीत पंप चालवायचात. एक आठवडा नाईट, पुढचा सेकंड, त्यापुढचा फर्स्ट, मग पुन्हा नाईट. मी दहावीत होते. सकाळचे नऊ वाजलेत, तुम्ही नाईट करून आलात, आई लाखोरीचं वरण वाढते आहे. मीठ जास्त झालं म्हणून तुम्ही ताट ढकललंत आणि थोड्या वेळाने तेच ओढून जेवलात. मग मला म्हणालात, "बाई, सायबाले एक अर्ज लिहून दे ना. आमची शिफ्ट उलटी फिरून राहिली. फर्स्ट, मग सेकंड, मग नाईट, अशी सुलटी फिरवा म्हणा."

"काहून? काय फरक पडते?"

"माणसाले उशिरा झोपता येते, बाई. लवकर नाही झोपता येत."

मी गणितात हुशार होते आणि ते घरात सगळ्यांनी मानावं असं मला वाटायचं. वहीचं पान फाडून मी दोन्ही प्रकारचे तास मांडले, बेरीज केली, खाली लिहिलं : फरक शून्य. "राग तुमचा आहे बाबा, शिफ्टचा नाही," असंही म्हणाले. आई हसली. तुम्ही ते पान हातात घेतलंत. "तू म्हणून राहिली तं शून्यच असंन." अर्ज राहिला. दोन वर्षांनी, सेकंड लागलेल्या आठवड्यात, तुम्ही झोपेतून उठलाच नाहीत. खाणीच्या ओळखपत्रामागे ते पान घडी करून ठेवलेलं आईला सापडलं. तिने ते मला दिलं.

आता आपल्याच भागातल्या शहापूरजवळच्या एका कारखान्यात शिफ्टचा चार्ट मी बनवते. आधीच्यांचा चार्ट मी तसाच पुढे चालवत होते, आणि तो उलटा फिरत होता. दोन महिन्यांपूर्वी बॉयलरवरचे एक काका टेबलाशी आले. "मॅडम, चार्ट उलटा फिरून राहिला. घरची म्हणते, तुमी नाईटमंदीच बरे, घरात भांडण तरी नाही होत." मी म्हणाले, "काका, तास तर..." आणि पुढचं वाक्य तोंडात येताच मला ओळखू आलं, ते मी तुम्हाला ऐकवलेलंच होतं. त्या संध्याकाळी मी वाचत बसले. शरीराचं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं. झोप पुढे ढकलणं त्याला जमतं, अलीकडे ओढणं जड जातं. तुम्ही हे एका वाक्यात सांगितलं होतं. मी तास मोजले होते, झोप मोजलीच नव्हती.

तुमचं हृदय कशाने थांबलं, मला माहीत नाही. पुराव्याशिवाय मी ते शिफ्टवर टाकणार नाही, स्वतःवरही नाही. अर्ज दिला असता तरी साहेबांनी ऐकलं असतंच असंही नाही. पण तो सात-आठ ओळींचा होता, आणि तुम्ही माझ्याकडे दुसरं काही कधी मागितलं नव्हतं.

चार्ट मी सुलटा केला. आज ते काका थांबून म्हणाले, "मॅडम, आता घरची बोलते माह्याशी. हे कुठं शिकल्या?"

"ट्रेनिंगमध्ये," मी म्हणाले.

तुमचं नाव घेतलं असतं, तर त्या पानाचंही सांगावं लागलं असतं. हा कागद मी त्याच घडीत ठेवते आहे. आईलाही दाखवणार नाही.