रोझाबाईंचं कुंपण

६ सप्टेंबर १९८३, मंगळवार. बेलव्ह्यू, अमेरिका.

शाळा सुरू. अनू घरी आली ती दप्तर फेकूनच. वर्गात मॉडेल यू.एन. आहे, एकेकाने एकेक देश व्हायचं. फ्रान्स संपला, जपान संपला, उरला सोव्हिएत युनियन. गेल्याच आठवड्यात त्यांनी ते प्रवासी विमान पाडलं, आता कोण घेणार? टीचरने वर्गभर नजर फिरवली आणि नेमकी आमच्या पोरीवर थांबवली. म्हणे, "तुझा पर्स्पेक्टिव्ह वेगळा असेल." डोंबल वेगळा! इथल्याच हॉस्पिटलात जन्मलेली, कपाळावर टिकलीसुद्धा लावत नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

आणि हिने घेतला. "आई, समबडी हॅज टू."

ऐकून तिच्या बाबाला, वि.ला, चहाचा ठसकाच लागला. त्याचा सिक्युरिटी क्लिअरन्स सुरू आहे, कंपनीतल्या संरक्षण खात्याच्या कामासाठी सरकारी चौकशी. तो मिळाला तर नवं प्रोजेक्ट, नाही तर वसंतात नारळ. अशा वेळी घरात रशिया.

११ सप्टें., रविवार

दोन घरं पलीकडे मुलाजवळ राहणाऱ्या रोझाबाई. लेनिनग्राडहून आल्या त्याला चार वर्षं झाली असतील. तिकडे इतिहास शिकवायच्या. माझी ओळख हात हलवण्यापुरती. अनू आज सरळ त्यांच्या दारात जाऊन उभी. "मला रशिया समजावून सांगाल?" बाईंनी तोंडावर दार लावलं.

तासाभराने स्वतःच आल्या, हातात खारवलेल्या काकड्यांची बरणी. मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या, या विषयावर मी अवाक्षर काढणार नाही. आणि मग चहाबरोबर चमचा चमचा जॅम खात अंधार पडेपर्यंत बोलत बसल्या. मला आवडल्या.

एक वाक्य डोक्यातून जात नाही. "तिथे माझ्या सरकारी कागदावर ज्यू लिहिलं होतं. रशियन म्हणून मला कुणी मोजलंच नाही. इथे उतरले आणि सगळे म्हणतात, द रशियन लेडी. रशियन व्हायला मला अमेरिकेत यावं लागलं." हसल्या. मीही हसले. नागपुरात मी तरी कुठे इंडियन होते?

२ ऑक्टो., रविवार

आता दर रविवारी येतात. आज मी पोळ्या लाटत होते तर पोळपाटच ओढून घेतला. "हा बघ रशिया. सपाट. ना डोंगर ना समुद्र. जो आला तो सरळ घरात." म्हणून कुंपण पुढे सरकवायचं. त्या कुंपणात दुसऱ्यांची घरं येतात. त्यांना सांगायचं, तुमच्याच रक्षणासाठी आहे हे. मग कुंपणापलीकडे पुन्हा कोणी अनोळखी. मग अजून पुढे.

अनू : सो इट्स नॉट कम्युनिझम?

"कम्युनिझम कालचा. भीती जुनी." थोड्या वेळाने, "आणि माजही आहे. आम्ही जगाला वाचवलं आणि जग आमची किंमत करत नाही, हे तिथलं प्रत्येक मूल दुधाबरोबर पितं. मीच पाजलंय शाळेत. सीमेवरचा शिपाई आणि त्याचा कुत्रा, त्याहून मोठा हीरो नाही." अफगाणिस्तानचं विचारलं तर म्हणाल्या, "सीमा राखायला पाठवली म्हणे मुलं. सीमा इकडे, मुलं तिकडे."

त्या सरकारचं नाव काढलं की थुंकतात. पण टीव्हीवर कोणी विदूषक रशियनांची टर उडवायला लागला तर उठून आमचा टीव्ही बंद केला! आमच्या घरात! धाकटा भाऊ महायुद्धात लेनिनग्राडच्या वेढ्यात उपाशी गेला, असं जाता जाता सांगितलं. मी डबा भरून दिला. दुसरं काय देणार.

१२ ऑक्टो., बुधवार

वि.शी कडाक्याचं भांडण. "त्या बाईला येऊ देऊ नकोस. क्लिअरन्सवाले परदेशी ओळखी विचारतात." मी म्हटलं, विचारतात तर सांग. नाव लिही, दर रविवारी येते लिही, काकड्या आणते तेही लिही. लपवलंस तर संशय. तासभर धुसफुसला, मग लिहिलं. जेवताना आमटीत मीठ नव्हतं, तेही बोलला नाही.

५ नोव्हें., शनिवार

मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम सोडून अनूच्या शाळेत. फराळाचे डबे जोशीकाकूंच्या गळ्यात मारले. वि. आला नाही. रोझाबाई मागच्या रांगेत, काळा कोट.

विमानाबद्दल निषेधाचा ठराव. अनू उभी राहिली. "वुई" म्हणत होती सारखी. आम्ही सीमेवर माफी मागत नाही, तिथे आम्ही फार माणसं पुरली आहेत. तुम्हाला आमची भीती वाटते, पण आम्ही तुमच्याआधीपासून घाबरलेलो आहोत. कोणीतरी मागून हूट केलं. पोरगी हलली नाही. सोळा वर्षांची माझी मुलगी, आणि हे "आम्ही" कोणाचं?

ठराव पास झाला. हरणारच होती.

गाडीत रोझाबाईंचे डोळे लाल. "छान बोललीस. समजून घे त्यांना. आणि त्यातलं काहीही माफ करू नकोस, ऐकतेस ना? त्या विमानात लहान मुलं होती."

१७ नोव्हें., गुरुवार

सूटवाला एक माणूस गल्लीत घरोघर फिरत होता. वि.बद्दल विचारतोय, असं समोरच्या म्हातारबाने कुंपणावरून सांगितलं. "डोंट वरी, आय सेड यू आर क्वाएट पीपल."

२० नोव्हें., रविवार

रोझाबाई आल्या नाहीत. फोन केला, मुलाने उचलला. झोपल्यात म्हणाला. भर दुपारी?

२२ नोव्हें., मंगळवार

वि. लवकर घरी. चेहरा उतरलेला. क्लिअरन्सवाल्यांनी बोलावून विचारलं त्याला : तुम्ही लिहिता ही बाई दर रविवारी तुमच्याकडे येते. बाई म्हणते, या लोकांना मी ओळखतच नाही, त्यांच्या घरात पाऊल ठेवलेलं नाही. तुमच्यापैकी खोटं कोण बोलतंय?

तशीच चप्पल अडकवून गेले. बाईंनी मला आत ओढलं, पडदा लावला, आणि हळूच, अगदी खुशीत म्हणाल्या, "मी तुम्हाला वाचवलं. एक शब्द बोलले नाही. तो सूटवाला सारखा विचारत होता, मी म्हटलं, नाही, नाही, नाही."

कपाळ माझं. कशी सांगणार? पण सांगितलं. आम्ही खरं लिहिलं होतं, तुमच्या 'नाही'ने विनायक खोटा ठरला. आधी कळेचना. "खरं लिहिलंत? सरकारला? स्वतःहून?" मग कळलं. मोजे घातलेल्या पायांनीच उभ्या राहिल्या आणि पुन्हा बसल्या. एवढा पडलेला चेहरा मी पाहिला नव्हता. रागावायला गेले होते, पाणी देऊन परत आले.

२३ नोव्हें., बुधवार

वि. ओरडला. "पंधरा वर्षं या कंपनीत खपलोय, आणि कोण कुठली बाई!" त्याचं चुकलं असं तरी कसं म्हणू? अनू जिन्यात बसून ऐकत होती. म्हणाली, "बाबा, शी वॉज गार्डिंग अस. शी पुट अस इनसाइड हर फेन्स. आपल्याला विचारलं नाही, दॅट्स ऑल."

वि. म्हणाला, त्या बाईने स्वतः त्या ऑफिसात जाऊन सांगितलं तरच काही होईल. तेही 'कदाचित'.

बाईंच्या मुलाला विचारलं. म्हणाला, आई पोस्टाच्या खिडकीशीही मला पुढे करते. सरकारी ऑफिसात ती जाणार नाही, आणि प्लीज, तिला विचारूही नका.

नाही विचारलं. विचारायचा धीरच नाही. उद्या थँक्सगिव्हिंग, ऑफिसं बंद.

२८ नोव्हें., सोमवार

सकाळी बेल. दारात रोझाबाई. तोच काळा कोट, ओठांना लिपस्टिक, हातात फुगलेली कापडी पिशवी. सूटवाल्याने दिलेलं कार्ड माझ्यापुढे धरलं. "मुलाला सांगितलेलं नाही. तू ड्राइव्ह कर." माझ्या लॅबमध्ये फोन करून सुट्टी टाकली, निघालो.

शहरात जाणाऱ्या पुलावर विचारलं, पिशवीत काय? लोकरीचे मोजे. साबण. टूथब्रश. खडीसाखर. आतले गरम कपडे, दोन जोड.

"आत बोलावलं की बाहेर कधी येऊ ते माहीत नसतं."

गाडी कशी चालवली देव जाणे. म्हटलं, रोझाबाई, इथे तसं नसतं हो. दहा मिनिटांचं काम. एक वाक्य बोलायचं आणि घरी. "हो, हो," म्हणाल्या, लहान मुलीची समजूत घालावी तसं, आणि माझ्या हातावर थोपटलं.

डाउनटाउनचं ऑफिस, सातवा मजला. सूटवाला पोरगेलासा, अदबशीर. म्हणाला, या ना मॅम, बॅग इथे मैत्रिणीपाशी ठेवा. बाई जागच्या हलल्या नाहीत. भर वेटिंग रूममध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी हिला ओळखते. दर रविवारी हिच्या घरी जाते. त्या दिवशी मी खोटं बोलले, हे लोक नाही." मग पिशवी छातीशी धरून आत गेल्या. दार लागलं.

डायरी पर्समध्ये होती म्हणून इथेच लिहितेय. वि.चं काय होणार, ठाऊक नाही. आत्ता तो विचारही मनात येत नाहीये. दहा मिनिटं कधीच उलटली. आमच्यानंतर आलेली दोन माणसं काम करून गेलीसुद्धा. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, ती हसून म्हणाली, एनी मिनिट नाऊ. इथे तसं काही नसतं, मीच सांगितलं होतं. पण माझी नजर त्या दारावरून हलत नाहीये.