संकष्टीच्या ताटात ऊन

प्रिय सुनंदा,

तुझा मोबाइल फुगला. म्हणजे आतली बॅटरी फुगली आणि मागचं झाकण वर आलं. तू गेल्यापासून वर्षभर मी तो रोज चार्ज करत होतो. कशासाठी ते विचारू नकोस. दुकानदाराने तो हातातसुद्धा घेतला नाही. म्हणाला, "काका, हा घरात ठेवू नका. आधी फोटो काढून घ्या, मग इथे आणून टाका." म्हणून रेश्मा रजा काढून पुण्याहून पनवेलला आली, येताना हार्ड डिस्क घेऊन आली आणि तुझे सगळे फोटो तिने त्यात उतरवले.

त्या फोटोंत मला जे सापडलं, ते खरं तर तुलाच समोर बसवून विचारायला हवं. तू तर मोकळी झालीस! लग्नानंतर सुरुवातीची काही वर्षं बोटीवरून तुला पत्रं लिहायचो, त्यानंतर आज लिहितोय. अक्षराला हसू नकोस.

पोरगी फोटो बघत बसली आणि म्हणाली, "पप्पा, मम्मीच्या फोनमध्ये माणसं कमी आणि ताटंच जास्त आहेत!" आहेतच. मी बोटीवर, रेश्मा हॉस्टेलवर, घरात तू एकटी. मी रोज विचारायचो, जेवलीस का? तू म्हणायचीस, जेवले. मला काही ते खरं वाटायचं नाही. मग एकदा वैतागून तू ताटाचाच फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, "आता तरी पटला का?" तेव्हापासून रोज एक ताट. नऊ-नऊ महिन्यांच्या फेऱ्या मी त्या ताटांवर काढल्या.

तुला कधी सांगितलं का, की बोटीवर तुझं ताट वरून खाली उघडायचं? नेट इतकं मंद, की आधी आपल्या स्वयंपाकघराची खिडकी दिसायची, मग टेबलाची कड, मग भाकरी, आणि सगळ्यात शेवटी कालवण. मी इंजिनरूममधून तेलकट हातांनी वर यायचो आणि आमचा फिलिपिनो कुक माझ्या खांद्यावरून डोकावून विचारायचा, "फिश टुडे?" गुरुवारी फिश का नाही, हे त्याला बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

तर आता गोंधळ ऐक. फोटो हार्ड डिस्कवर गेले, आणि तुझा मोबाइल जो बंद पडला तो पडलाच. रेश्माने फोटो उघडले, तर सगळ्यांवर एकच तारीख. आजची! तू ते ताट पिवळंधमक दाखवणारं कसलंसं अ‍ॅप वापरायचीस ना, त्याने म्हणे फोटोच्या आतली तारीख पुसून टाकली होती, आणि बाहेरची तारीख उतरवताना बदलली. शिमग्याची पुरणपोळी नारळी भाताच्या शेजारी, आणि आंब्याचा रस थंडीत मडक्यात भाजलेल्या शेंगांच्या पोपटीला खेटून. तुझी सगळी वर्षं एका दिवसात कोंबलेली.

"राहू दे पप्पा," रेश्मा म्हणाली. "फोटो तर आहेत ना? क्रमाला काय करायचंय?"

मी तिच्यावर ओरडलो. नंतर वाईट वाटलं, पण ओरडलो. अगं, तू पाठवलेले फोटो तर माझ्या जुन्या फोनबरोबरच गेले, माझ्याकडे त्या वर्षांचं दुसरं आहे काय? तिची दहावी, बारावी, घरातले गणपती, वास्तुशांत, एकाला तरी मी होतो का? बापाने घरी काढलेले दिवस नसतात, तेव्हा निदान घरात कोणत्या दिवशी काय शिजलं ते तरी त्याला नीट माहीत असावं. तो क्रम गेला असता, तर माझा संसारच विस्कटला असता.

मग मी स्वतः लावायला बसलो. आणि सुनंदा, काय सांगू तुला! तारखा गेल्या तरी काही बिघडलं नव्हतं. तू सगळं ताटात लिहून ठेवलं होतंस. शेवळाची भाजी दिसली की समजायचं जून लागला. टाकळा, कंटोली आली की पाऊस स्थिरावला. मग श्रावण, सगळी ताटं सोवळी. नारळी पौर्णिमेनंतर हळूच एक बोंबील डोकं वर काढतो. वालाच्या शेंगा, पोपटी आणि भांबुर्डीचा पाला म्हणजे थंडी. वर्ष कुठलं, ते खिडकीने सांगितलं. जुन्या फोटोंत ताटामागे कर्नाळ्याचा सुळका दिसतो. पुढे समोरच्या बिल्डिंगचे मजले चढत जातात आणि एका वर्षी सुळका गायब होतो. मी मजले बघून वर्षं ठरवली. रेश्मा तोंडात बोट घालून बघत राहिली, आणि मी तुझ्याकडे.

एकटीसाठी गं! एकटीसाठी तू हे सगळं करत होतीस? खाडीतले निवटे आणून त्यांचं कालवण एकटीसाठी कोण घालतं? भाकरी अशी फुगलेली, की बघून हात भाजावा. मी आजवर समजायचो की बोटीवर मी राबतोय आणि घरी तू वाट बघतेस. तू वाट कुठे बघत होतीस? तू तर रोज अख्खं घर चालतं ठेवलं होतंस!

आणि मग ती संकष्टी आली.

तुझ्या संकष्टीची ताटं ओळखायला सगळ्यात सोपी. मोदक, आणि मागे खिडकी काळी. चंद्र दिसल्याशिवाय तू ताट वाढायचीच नाहीस. एक मोदक फोडून त्यावर तूप सोडायचीस, आतलं सारण मला दिसावं म्हणून. मी दर वेळी विचारायचो, "चंद्र दिसला का?" आणि तुझं उत्तर, "दिसला." सगळ्या संकष्ट्या मी एकाखाली एक लावत होतो, आणि एका ताटावर हात थांबला. मोदक तेच, तूपही तेच, फोडलेला मोदक तसाच. पण ताटात ऊन! चांगलं सकाळचं लख्ख ऊन, मोदकाच्या कळीवर चमकणारं. बोटीवर मोदक बघायच्या नादात माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

मी चष्मा पुसला. रेश्माला हाक मारली. "तुझ्या आईने चंद्राच्या आधी मोदक फोडला?" ती म्हणाली, "शक्यच नाही." तापाने फणफणलेली असतानाही तू उपास मोडला नव्हतास, आणि सकाळी सकाळी मोदक?

मग मी ऊनच बघत गेलो. थंडीत आपल्या खिडकीतून टेबलावर ऊन येतं, आठवतंय ना? सकाळी ते फ्रिजच्या बाजूला असतं आणि दुपार उतरली की मोरीकडे सरकतं. त्या मोदकांच्या ताटाशेजारी फ्रिजच्या कडेला एक पिवळी पिशवी होती, तोंडाला सुतळीची गाठ मारलेली. तीच पिशवी, तीच गाठ आणखी एका ताटामागे निघाली. मग आणखी एका. दहा-बारा ताटं निघाली. वरणभात आणि भेंडीचं, मग वालाचं बिरडं, मग बटाट्याची भाजी. त्यानंतर सुरमई, चिंबोरी, कोंबडी. मी ती उन्हाच्या हिशोबाने लावली, तर ऊन एका ताटातून दुसऱ्या ताटात सरकत सरकत मोरीपर्यंत गेलं. एका फोटोत ताटाची कड अजून ओली आहे. तेच ताट तू धुऊन, पुसून, पुन्हा वाढत होतीस. सगळं एका दिवसात!

कशासाठी? घरी कुणी जेवायला येणार होतं का? येणार असतं तर कोंबडी आणि मोदक एका दिवशी तू चुलीवर चढवू दिले असतेस का?

तुझं काही गुपित असलं तर ते वहिनींनाच ठाऊक असणार, म्हणून मी सरळ गावात दादाच्या घरी गेलो. वनिता वहिनी ओटीवर बसल्या होत्या. मी फोटो समोर धरला. त्यांनी बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"भावजी, तिनं मना शपथ घातली व्हती," त्या म्हणाल्या. "पन आता तीच नाय, तर शपथ कुनाला लागनार?"

आणि त्यांनी सांगितलं. तुझी गर्भपिशवी काढली, त्या वेळचं. मी घरी परतलो तेव्हा तू मला म्हणाली होतीस, "छोटं ऑपरेशन झालं, सकाळी गेले आणि संध्याकाळी घरी." मी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? रोजचं ताट तर येत होतं! एकही दिवस चुकला नव्हता.

"दहा-बारा दिस हॉस्पिटलात व्हती ती," वहिनी म्हणाल्या. "जायच्या आदल्या दिवशी, बुधवारी, दिसभर रांधत बसली. पोट दुखत व्हता, मधी मधी खाली बसायची, परत उठायची. मी बोलली, सांग ना भावजींना. तर बोलली, 'त्यांना कलला तर ते बोट सोडून येतील. आनि येऊन काय करतील? भाएर बाकड्यावर बसतील.'"

बरोबर ओळखलंस. बाकड्यावरच बसलो असतो. पण बसू द्यायचं होतंस गं! तेवढा तरी हक्क होता की नाही माझा?

"मोदक पहिले केलं, आंघोल करून," वहिनी सांगत होत्या. "म्हावरा दुपारपर्यंत घरात आनू दिला नाय. मंग आमी समद्यांनी त्या दिवशी चार चार वेला जेवान केला. तो फोडलेला मोदक मना दिला. ऑपरेशन झाला तवा ती शुद्धीवर नव्हती, तर तुमाला फोटो मी पाठवला. जाताना सांगून गेली व्हती, शनवारचा ताट पाठव, बिरड्याचा. चुकू नको."

"आणि संकष्टीला?" मी विचारलं.

"संकष्टीला नर्स तिच्यावर ओरडली. हिनं उपास धरला, दिस दूध नि दोन केली खाऊन काढला. मी गच्चीवर जाऊन चंद्र बघून आली, मंग तिनं तुमाला मोदक पाठवला. आनि मंग हॉस्पिटलची खिचडी खाल्ली."

म्हणजे मी त्या रात्री विचारलं, चंद्र दिसला का, आणि तू लिहिलंस, दिसला. ते खरंच होतं! एवढं सगळं खोटं रचलंस, आणि त्यात चंद्र तेवढा खरा ठेवलास. सुनंदा, मी जगभरची बंदरं बघितली, डोंगराएवढ्या लाटा बघितल्या. पण असं काही बघितलं नव्हतं. वहिनींनी केलेला चहा निवून गेला.

घरी आलो आणि एक गोष्ट डोक्यात आली. त्या दिवशी, त्या बुधवारी, तू मला कोणतं ताट पाठवलं होतंस? एवढी ताटं पुढच्या दिवसांसाठी ठेवलीस, मग त्या दिवसाचं कुठे? शोधलं. सापडलं. त्यात ऊन नाही, खिडकीत अंधार आहे. पिशवी तीच. भात, सुक्या जवळ्याची चटणी आणि अर्धा कांदा.

ते ताट बघताच तू खाली लिहिलेलं मला आठवलं, अक्षर न् अक्षर. "आज आलस केला. गोड मानून घ्या."

मी उत्तर पाठवलं होतं, "राणीसाहेबांची आज सुट्टी!" बोटीवर सगळ्यांना दाखवून हसलो होतो. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक. पण पुढे कित्येक लग्नांत, हळदीत, मांडवाखाली मी ती गोष्ट रंगवून सांगितली, की आमच्या हिने आयुष्यात एकदाच आळस केला आणि त्याचाही पुरावा मला बोटीवर पाठवला. माणसं खो खो हसायची. तू शेजारी बसून हसायचीस. कशी हसू शकलीस गं?

आता रेश्मा विचारतेय, "पप्पा, ही सगळी ताटं त्या बुधवारचीच आहेत. एका फोल्डरमध्ये टाकू?"

नाही. तुला वचन देतो, मी ती एकत्र ठेवणार नाही. वरणभात गुरुवारी, बिरडं शनिवारी, मोदक संकष्टीला. वहिनींना बरोबर बसवून, विचारून विचारून, तू पाठवलीस त्याच दिवशी प्रत्येक ताट लावीन. उद्या रेश्माच्या मुलांनी बघितलं, तर त्यांची आजी त्या दिवसांत रोज घरी होती आणि पोटभर जेवत होती. त्या बुधवारी एकच फोटो राहील, भात आणि चटणीचा, आणि त्याला नाव तेच, तू लिहिलेलं. आणि पुढच्या लग्नात कुणी म्हणालं, "मधुकर, ती आळसाची गोष्ट सांग," तर सांगेन. पूर्वी सांगायचो तशीच, हसवून. फक्त तेव्हा वहिनींकडे बघणार नाही.

तुझाच,
मधुकर