किल्ल्याचा पुनर्विकास

अण्णा, काल तुमच्या नातीचा सिनेमा पाहिला. तुम्ही गेल्यानंतर जन्मलेली ही मुलगी. चांगली नोकरी सोडून तिने तो लिहिला. गोष्ट तीनशे वर्षांपूर्वीच्या गडाची, विनोद मात्र आजचा. वेढा पडलेला असताना शत्रूचा वकील तहाऐवजी पुनर्विकासाचा प्रस्ताव घेऊन येतो. किल्लेदार विचारतो, "गड पाडून बांधेपर्यंत राहायला ट्रान्झिट कुठे देणार?" मागून म्हातारा शिपाई ओरडतो, "आधी भाडं बोला, सरकार! घोड्याचं पार्किंग नंतर!" परळच्या थिएटरात नायगाव-वरळीच्या चाळींतली माणसं टाळ्या देत हसत होती.

मला मात्र गिरणी संपाच्या वर्षीचं, लालबागच्या आपल्या चाळीत तुम्ही गणपतीत बसवलेलं ऐतिहासिक नाटक आठवलं. तुम्ही किल्लेदार. कमरेला लावण्यापूर्वी लाकडी तलवारीलाही तुम्ही नमस्कार करता. प्रवेश रंगतो, तुम्ही विचारता, "काय खबर?" हेर झालेले शेजारचे काका, तुमच्याच गिरणीतले, उत्तरतात, "सरकार, संप काय मिटत नाय!" कित्येक महिन्यांनी चाळ हसते. तुम्ही पागोटं उतरवता आणि शांतपणे म्हणता, "एवढा वेळ तरी आपण राजाची माणसं आहोत. गिरणी इथे आणू नका." हसू जागीच थांबतं. काकांनी त्यानंतर कधी तोंडाला रंग लावला नाही.

नातीने गोष्ट थोडक्यात सांगून पटकथा वाचायला दिली, तेव्हा हाच प्रसंग सांगून मी ती न वाचता परत केली होती. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत असे. काल मध्यंतरात तिने विचारलं, "पप्पा, आजोबांनी मला हाकललं असतं ना?"

"हो," मी म्हणालो. ती वळली.

"थांब. त्यांना चाललं नसतं. मला चाललंय."

"एवढंच? अख्खा पिक्चर हसताना बघितलंय मी तुम्हाला!"

"अर्धाच झालाय अजून."

त्यावर ती हसली.

तुमची बाजू मला आजही पटते. ज्यांच्या हातचं सगळं सुटत चाललं होतं, त्यांना घटकाभर तरी ताठ उभं ठेवावं, असं तुम्हाला वाटत होतं. पण हसणारी चाळही वाकलेली नव्हती, हे मला तिच्या सिनेमाने दाखवलं. एवढंच कळवण्यासाठी लिहायला बसलो होतो. आता वाचून पाहतो, तर झालेल्या गोष्टीची परवानगीच मागितली आहे. म्हणून हे तुमच्या तसबिरीपुढे ठेवणार नाही. तुम्ही समोर असता, तर 'मला चाललंय' हे शब्द माझ्या तोंडून निघाले नसते.