कुठेपण खेळणारी मुलगी

सर,

मला माझ्या टीममधल्या एका अठरा वर्षांच्या मुलीचा हेवा वाटतो. हे इथे कुणाला सांगण्यासारखं नाही. घरी सांगितलं तर हसतील आणि कॉलेजात सांगितलं तर दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावणं येईल. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, म्हणून तुम्हाला सांगते. मी आता खारघरच्या एका कॉलेजात खेळ शिकवते, मुलींच्या फुटबॉल टीमची कोच आहे, सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि जिना उतरताना माझा डावा गुडघा दुखतो. वाशीच्या कॉलेजात तुम्ही मुलींची पहिली टीम उभी केलीत, तेव्हा सारसोळ्याहून सायकलवर येणारी, अंगाने थोराड आणि पळायला मंद अशी तुमची सेंटर फॉरवर्ड म्हणजे मी. एवढी ओळख पुरे.

यंदा जुलैत ट्रायल घेतली. आमच्या मैदानाच्या एका बाजूला टॉवर आणि दुसऱ्या बाजूला मेट्रोचे खांब, मध्ये घोट्यापर्यंत चिखल. त्या चिखलात फर्स्ट इयरच्या दोन मुली अशा पळाल्या की बाकीच्या जागेवर उभ्या आहेत असं वाटावं. एक पनवेलकडच्या गावातली. शाळेत दोनशे मीटर धावायची, फुटबॉल खेळून तिला जेमतेम वर्ष झालेलं. दुसरी कोपरखैरण्याची. वडील मार्केटात माथाडी, घर मूळचं तुमच्या साताऱ्याकडचं. फॉर्मवर कुठे खेळतेस याचा रकाना होता. पहिलीने लिहिलं होतं विंग. दुसरीने तो कोराच ठेवला होता. मी विचारलं, तर चिखलाचे हात ट्रॅकपँटला पुसत ती म्हणाली, "कुठेपण, मॅम."

तो शब्द मला लागला. मी एका जागेसाठी तीन वर्षं झगडले होते आणि ही मुलगी सगळं मैदान आपलंच असल्यासारखं बोलत होती. मी तिला आधी मागे, डिफेन्समध्ये लावलं. तिने आमच्या थर्ड इयरच्या फॉरवर्डला सहज अडवलं. मधे लावलं, तर दोन्ही बाजूंना बॉल वाटत राहिली. डाव्या विंगवर गेली, तर डावाच पाय तिचा जास्त चांगला. शेवटी दहा मिनिटं गोलमध्ये उभं केलं, तिथेही दोन बॉल अडवले. बघणाऱ्यांना वाटलं असेल, मॅडम किती बारकाईने तपासतात. सर, मी तिला न जमणारी एखादी जागा शोधत होते.

तुमच्या वाशीच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर मला आजही दिसतं. रविवारची सकाळ आहे, आम्ही अकराजणी खाली फरशीवर बसलोय आणि काकूंनी भाकऱ्यांसाठी परातीत पीठ घेतलंय. तुम्ही ती परात ओढून घेता, पीठ हाताने सपाट करता आणि बोटाने मैदान काढता. काकू पाण्याचा तांब्या हातात धरून तशाच उभ्या. तुम्ही सांगता की जोरात पळणाऱ्याच्या पायात बॉल द्यायचा नाही, त्याच्या पुढच्या मोकळ्या जागेत द्यायचा. पायात दिला की त्याला थांबावं लागतं आणि थांबला की तो आणि आपण सारखेच. मग पिठात एक मोठा खड्डा करून तुम्ही माझ्याकडे बघता आणि म्हणता, ही हिची जागा, हिला कुणी हलवू शकत नाही. त्या दिवशी मी पाच भाकऱ्या खाल्ल्या. काकूंनी मोजल्या नाहीत, पण मैत्रिणींनी मोजल्या.

मग दुसऱ्या वर्षी ती नवीन मुलगी आली. बारीक, सावळी, वाऱ्यासारखी. चपला काढून अनवाणी पळायची. पंधरा दिवसांत तुम्ही तिला स्टडचे बूट आणून दिलेत, सगळ्यांसमोर, खोक्यासकट. माझे बूट आईने घेतलेले होते. त्याबद्दल मला काही कमी वाटलं नव्हतं, पण तुम्ही खाली वाकून तिच्या बुटाची नाडी बांधलीत आणि ते मी पाहिलं. त्या सीझनच्या एका सामन्यात शेवटच्या मिनिटांत बॉल माझ्या पायात होता. दोन डिफेन्डर माझ्या अंगावर होत्या आणि ती डावीकडून एकटी, पूर्ण मोकळी, हात वर करून पळत होती. मी स्वतःच मारला. बॉल बारच्या वरून गेला आणि आपण हरलो. मी म्हणाले, सर, मला ती दिसली नाही. तुम्ही पाण्याच्या बाटल्या गोळा करत होता. मान वर न करता म्हणालात, "दिसली नाही असं सांगू नगंस. दिसली, म्हणूनच दिला नाहीस."

मी तीन आठवडे मैदानावर फिरकले नाही. आईला सांगितलं की परीक्षा आहे. एका संध्याकाळी आई नेरूळच्या बाजारात मासळी विकून रिकामी पाटी घेऊन आली आणि म्हणाली की तुझे मास्तर आले होते, अर्धी पाटी बोंबील घेऊन गेले. तुम्ही माळकरी. आईने तुम्हाला विचारलंही होतं, "मास्तर, तुमी म्हावरा खात नाय, मंग बोंबील कोनासाठी?" फक्त पोरीला पाठवा म्हणालात. मी आले. माझी जागा मात्र तुम्ही परत दिली नाहीत. तिथे ती खेळायला लागली होती. मला तुम्ही बेंचवर तुमच्या शेजारी बसवलंत आणि सामना चालू असताना विचारत राहिलात, आता मोकळं कोण आहे, सांग. मी सांगायचे. बहुतेक वेळा बरोबर असायचे. लोक म्हणतात, तुमच्या सरांनी तुम्हाला कोच केलं. मीही हो म्हणते. त्या वेळी मला फक्त माझी जागा हवी होती.

आता यंदाचं सांगते. माझी कॅप्टन थर्ड इयरची आहे, उलव्याकडच्या गावातली. अंगाने माझ्यासारखी, पळायला माझ्यासारखी आणि बॉल पायात आला की दोघींना पाठीवर घेऊन उभी राहणारी. आंतरकॉलेज स्पर्धेची सेमीफायनल बघायला युनिव्हर्सिटीच्या टीमची निवड करणारे येणार होते आणि तिची ही शेवटची संधी होती. मी ठरवलं की हिची जागा कुणाला द्यायची नाही. इथवर ठीक होतं. पण मी त्या दोन नव्या मुलींना सरळ बेंचवर बसवलं. कारण दिलं की अनुभव कमी आहे. पहिला सामना बरोबरीत सुटला. दुसरा आम्ही कसाबसा, पेनल्टीवर जिंकलो. कोपरखैरण्याची ती पोर बेंचवर बसून प्रत्येक पासला गुडघे हलवत होती. मला तिच्या त्या गुडघ्यांचासुद्धा राग यायचा.

दुसऱ्या सामन्यानंतर कॅप्टन माझ्या खोलीत आली. दार लावून घेतलं. खुर्चीवर बसली नाही. तिने विचारलं की त्या दोघींना मी का बसवून ठेवलंय. मी म्हटलं की पुढे तुला बघायला लोक येणार आहेत, तुझं नीट व्हावं म्हणून. ती म्हणाली, "मॅम, माझ्यासाठी नका करू. मी बॉल धरून उभी राहते आणि बाजूने कोणीच पळत नाही. द्यायचा कोणाला?"

एवढं साधं मला दिसायला हवं होतं. मोकळं कोण आहे हे सांगायचं शिक्षण मला मिळालेलं, आणि माझ्याकडे मोकळं होऊ शकणाऱ्या दोन मुली मी खुर्चीला बांधून ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून प्रॅक्टिस बदलली. पनवेलकडची मुलगी सोपी होती. तिला उजव्या विंगवर, अगदी रेषेला चिकटून ठेवलं आणि सांगितलं की तुझ्या पायात बॉल येणार नाही, पुढे येईल, तू फक्त पोचायचं. दुसरीचं कोडं सुटेना. डावीकडे ठेवली तर पळत जाऊन सुंदर क्रॉस मारायची, पण तोवर कॅप्टन मागेच राहिलेली. एकटीला पुढे ठेवली तर दोन दांडगट डिफेन्डर तिला दाबून टाकायच्या. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी तिला कॅप्टनच्या मागे, दहा पावलांवर उभी केली. कॅप्टनने गोलकडे पाठ करून बॉल धरायचा, दोघी तिला चिकटल्या की त्यांच्यामागे जागा रिकामी होते, त्या जागेत बॉल सरकवायचा आणि हिने मागून येऊन कॅप्टनला ओलांडून निघून जायचं. पहिल्या दोन वेळा दोघी एकमेकींवर आपटल्या. तिसऱ्या वेळी ती अशी निघून गेली की गोलकीपर बॉल जाळीत गेल्यावर वळली. वेगवान मुलीला जागा हवी असते आणि ती जागा करून द्यायला कुणीतरी जड, न हलणारं लागतं. हे मला कळलं आणि त्याच वेळी वाईट वाटलं. आम्ही दोघी, म्हणजे मी आणि ती अनवाणी पळणारी, अशा खेळलो असतो का? तुम्ही हे करणार होता का, आणि मी तीन आठवडे न आल्यामुळे राहून गेलं का? विचारायला आता कुणी नाही.

त्या संध्याकाळी जाळी गुंडाळताना मी कोपरखैरण्याच्या पोरीला सहज विचारलं की तू एवढ्या जागी खेळायला शिकलीस कुठे. तिने सांगितलं की त्यांच्या चाळीमागे मुलगे खेळायचे, ती लहानपणापासून कडेला उभी राहायची. मुलगे विचारायचे, कुठे खेळणार. एखादी जागा सांगितली तर म्हणायचे, ती भरलीय. "कुठेपण म्हटलं की घेतात," ती म्हणाली आणि जाळीचं टोक माझ्या हातात दिलं. मी तोवर त्या शब्दाला माज समजत होते.

तुम्हाला वाटेल, इथे माझा हेवा संपला. मलाही तसं वाटलं होतं.

सेमीफायनल नेरूळला झाली. टोप्या घातलेले दोघं वह्या घेऊन सावलीत बसले होते. पंधराव्या मिनिटाला आमच्यावर गोल झाला. हाफटाइमला मी फार बोलले नाही, पाणी दिलं. सेकंड हाफ सुरू झाल्यावर कॅप्टनने बॉल धरला, दोघींना अंगावर घेतलं आणि बूट न उचलता नुसता टाचेने मागच्या मोकळ्या जागेत सरकवला. कोपरखैरण्याची पोर तिला ओलांडून गेली. गोल. मग पाच मिनिटं उरलेली असताना पनवेलकडची उजव्या रेषेवरून सुटली, तिने क्रॉस मारला आणि कॅप्टनने डोक्याने बॉल आत घातला. आम्ही जिंकलो. माझा आवाज बसला होता.

आठवड्याने यादी लागली. दोन्ही नव्या मुलींना कँपला बोलावलं होतं. कॅप्टनचं नाव नव्हतं. तो गोल, ती टाच, काही त्या वह्यांत उतरलं नाही, किंवा उतरलं आणि पुरलं नाही. मी तिला शोधत ग्राउंडवर गेले, तर ती कोपरखैरण्याच्या पोरीला नडगीला बांधायचे स्वतःचे शिनगार्ड देत होती. कँपमध्ये चांगले लागतात, माझे घेऊन जा, असं काहीतरी सांगत होती. तिचे डोळे सुजलेले होते, म्हणजे आधी रडून झालं होतं. पण हात मोकळा होता. सर, मी तिच्या वयाची असताना मला हे जमलं नाही. त्या क्षणी मला त्या वेगवान पोरीपेक्षा माझ्या कॅप्टनचा जास्त हेवा वाटला. ती माझ्यासारखीच जड, माझ्यासारखीच मागे राहिलेली, आणि तरी तिला ते जमलं. मी तिला जवळ घेतलं, चहा पाजला, कोचिंगच्या कोर्सची माहिती दिली. ती म्हणाली, बघते, मॅम.

हे लिहिताना दुपारचे चार वाजलेत, स्टाफरूममध्ये कुणी नाही आणि थोड्या वेळात प्रॅक्टिस आहे. हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही. काकू आता गावी असतात. त्यांना पाठवलं तर त्या कुणाकडून तरी वाचून घेतील, आणि ते मला नको आहे. फाईलच्या मागे ठेवेन.

एक गोष्ट राहिली, ती लिहून उठते. सेमीफायनलच्या अगदी शेवटी कोपरखैरण्याच्या पोरीला आणखी एक संधी मिळाली होती. ती एकटी, समोर फक्त गोलकीपर, आणि बॉल तिच्या आवडत्या डाव्या पायावर. तिने मारला आणि तो बारच्या वरून गेला. आमचीच मुलगी, आमचाच गोल हुकला होता, आणि सगळ्या बेंचने डोक्याला हात लावला. मीही लावला. पण हाताआड, सर, मला बरं वाटलं होतं.