सोडली नव्हती, विश्रांती दिली होती

३ फेब्रुवारी
आज मोठा निर्णय झाला. गिटार पुन्हा सुरू.
त्याचं असं झालं. कन्या (इयत्ता सातवी) पोहण्याच्या क्लासवरून रडत आली. चाचणीत शेवटची आली म्हणे, उद्यापासून जाणार नाही. मी शांतपणे म्हणालो, आपल्या घरात हाती घेतलेलं कुणी अर्धवट सोडत नाही. सौ.नं फक्त कपाटाच्या वर पाहिलं. मग कन्येनंही पाहिलं. तिथे माझी गिटार.
मी खुलासा केला की सोडली नव्हती, विश्रांती दिली होती. बावीस वर्षं.
शेवटी करार ठरला. मी गिटार शिकत राहीन तोवर कन्या पोहत राहील. मी सोडली की तीही सोडणार. एप्रिलमध्ये तिची स्पर्धा आहे, तोपर्यंत तरी दोघांनी टिकायचं. पोरीचं पोहणं आता माझ्या बोटांवर अवलंबून आहे. काळजीचं कारण नाही.

४ फेब्रुवारी
गिटार खाली काढली. तारा गंजलेल्या. गंजक्या तारांवर सराव केला की हात कायमचा बिघडतो. नव्या येईपर्यंत थांबलेलं बरं.
कन्या मात्र क्लासला गेली. तोंड पाडून, पण गेली.

९ फेब्रुवारी
तारा आणल्या. शिवाय ट्यूनर, स्टँड, पाय ठेवायला छोटं स्टूल आणि गिटार पुसायचं खास फडकं. सौ.नं विचारलं, आणि वाजवणारा कधी येतोय? दुर्लक्ष केलं. थोरांच्या घरी हे चालायचंच.

१२ फेब्रुवारी
क्लास लावला. शिकवणारा इतका लहान की मी त्याला सर म्हणालो आणि तो मला काका. त्यानं एका तारेवरचे चार सूर दिले. म्हटलं, हे येतं मला. म्हणाला, वाजवा. तारेनं ऐनवेळी दगा दिला. शेजारच्या खुर्चीवर एक चिमुरडी होती, जिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. ती म्हणाली, काका, बोट पट्टीवर नाही, पट्टीच्या मागे ठेवायचं.

१३ फेब्रुवारी
क्लास बंद. हे करारातलं सोडणं नव्हे. पद्धत बदलली, इतकंच. परिपक्व माणूस स्वतःच शिकतो.

१८ फेब्रुवारी
ऑफिसात (मोटार विमा, दावे विभाग) आज एक दावा फेटाळला. गृहस्थ लिहितात, खांब अचानक गाडीसमोर आला. लोक किती पोकळ कारणं देतात! पण माझ्यापुढे डाळ शिजत नाही. थाप मला वासावरून कळते.
आज सराव नाही. हवा फार कोरडी होती, लाकडाला सोसत नाही.

२३ फेब्रुवारी
एफ कॉर्ड. एका बोटानं सगळ्या तारा एकदम दाबायच्या आणि वर उरलेल्या बोटांनीही काहीतरी करायचं. बावीस वर्षांपूर्वी इथेच आमचं फाटलं होतं. आज पुन्हा प्रयत्न केला. ढिम्म. ज्यानं हा कॉर्ड शोधला त्याला बहुधा सहावं बोट असावं.
ठरवलं की ज्यात एफ नाही तीच गाणी वाजवायची. अशी गाणी शोधण्यात संध्याकाळ गेली. हाही अभ्यासच.

२ मार्च
ऑफिसच्या हजेरी मशीननं माझं बोट ओळखलं नाही! सरावानं बोटांच्या टोकाला घट्टे पडतात, ठसे पुसले जातात. सगळ्या मजल्याला सांगून आलो की कलावंताची बोटं यंत्राला कळत नाहीत. आमच्या विभागातल्या सर्व्हेअरनं विचारलं, तारा कुठल्या हातानं दाबता? म्हटलं, डाव्या. म्हणाला, आणि मशीनवर बोट ठेवलंत ते उजव्या हाताचं. या माणसाचा सगळा जन्म गाड्यांचे पोचे तपासण्यात गेला. कलेची दृष्टी येणार कुठून?

८ मार्च
अडचण अशी की खोलीचं दार लावून बसलो आणि आतून आवाज आला नाही, तर कन्या बाहेरून विचारते, बाबा, सोडलीस का? सारखा पहारा.
तोडगा सापडला. फोनवर एका वादकाचं गिटारवादन लावायचं आणि आपण गिटार मांडीवर घेऊन मन लावून ऐकायचं. आधी कान तयार झाला पाहिजे, हात मागून येतोच.

१५ मार्च
प्रगती थक्क करणारी आहे. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी जिन्यात थांबवून पाठ थोपटली. सौ. म्हणाली, अरे वा, बरं वाजवतोस की. नम्रपणे म्हणालो, मेहनत आहे.
कन्या रोज क्लासला जाते. म्हणजे करार पाळला जातोय.

२७ मार्च
हा दिवस यायला नको होता.
संध्याकाळी नेहमीप्रमाणे दार लावून बसलो. गाणं ऐन रंगात आलं आणि मध्येच एक बाई मोठ्यानं गादी विकायला लागली. पाठदुखीवर गुणकारी, आजच मागवा. फोन बंद करायच्या गडबडीत आवाज आणखी मोठा झाला. दोघींनी बाहेरून दार उघडलं. माझ्या मांडीवर गिटार, हातात फोन.
कन्येला म्हटलं, जाहिरात अचानक मध्ये आली. बोलता बोलता तो खांबवाला आठवला.
खुर्ची ओढून तिनं पोहण्याची बॅग कपाटावर ठेवून दिली. मी विचारलं, सोडलंस? म्हणाली, नाही. विश्रांती देतेय.
मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवण गेलं नाही.

२८ मार्च
दार उघडं ठेवलं. फोन सौ.कडे दिला. मधल्या खोलीत, सगळ्यांसमोर, एफ. एक तार खरखरली, बाकीच्या मुक्या. पुन्हा. पुन्हा तेच. कन्या पुस्तकात डोकं घालून बसली. बॅग कपाटावरच.

२९ मार्च
एफ. बोट सोलवटलं. डाव्या हाताचं, खरोखरचं. आजोबांनी वरून विचारलं, तब्येत बरी नाही का? परवापर्यंत छान वाजवत होता.
बॅग हलली नाही.

३० मार्च
एफ. कारण काहीही नाही, जमत नाही. तरी दीड तास बसलो. इतक्या बेसुरात इतका वेळ याआधी कधी बसलो नव्हतो.

३१ मार्च
बॅग कपाटावर नाही! कन्या क्लासला गेली. न सांगता, आपली आपण. माझा प्रामाणिक सूर तिच्या काळजाला भिडला असणार. डोळे भरून आले. संगीतात ताकद आहे.

५ एप्रिल
स्पर्धा. कन्या सहाजणींत चौथी. चौथी! चाचणीत शेवटची आलेली पोर. मी बाकावर उभा राहून ओरडलो, घसा बसला. ती पाण्यातून हात हलवत हसली. इतका आनंद मला शेवटचा कधी झाला होता, आठवत नाही.
मग तिच्या प्रशिक्षक बाई आल्या. म्हणाल्या, गेल्या आठवड्यात फारच सुधारली. क्लास संपला तरी पाण्याबाहेर येत नाही. घरी जा म्हटलं तर म्हणते, बाबांचं वाजवणं संपू दे. पाण्याखाली कसं शांत असतं. मग बाईंनी मला आदरानं विचारलं, काय वाजवता आपण?
म्हटलं, गिटार.
परतताना कन्येनं ओला टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि म्हणाली, बाबा, करार चालूच ठेवू या. पुढची स्पर्धा ऑगस्टमध्ये आहे.
म्हणजे वाजवणं भाग आहे. मात्र चुकून चांगलं वाजवायला लागलो, तर पोर वेळेवर घरी येईल आणि सराव बुडेल.
पण मला वाटतं, तो धोका नाही.