लाल चिठ्ठीचा नियम

१२ जून
सोमवारी शाळा सुरू. चिमणी यंदा दहावीत. बायको म्हणाली, या वर्षी दुसरं काही करू नका, हॉलमधलं तिचं टेबल तेवढं मोकळं ठेवा. पंचवीस वर्षं पंपांच्या कंपनीचं स्टोअर सांभाळतोय. साडेचार हजार नग. डोळे मिटून हवा तो वॉशर काढून देतो. आणि मला म्हणे एक टेबल सांभाळा! टेबल कशाला, अख्खं घर शिस्तीत आणतो. उद्यापासून.

१६ जून
उद्यापासून जमलं नाही. स्टेशनरीशिवाय शिस्त कशी येणार? आज आणली. कार्डं दोनशे, दोरा, स्केचपेनं, लाल चिठ्ठ्या, एक नोटीस बोर्ड. स्टोअरमध्ये प्रत्येक खणाला कार्ड असतं; वस्तू काढली की लिहायचं, ठेवली की लिहायचं. तेच घरात. सामान तात्पुरतं चिमणीच्या टेबलावर ठेवलंय.

२२ जून, रविवार
चौसष्ट कार्डं लावली. पट्टी, कंपास, मोजे, नेलकटर. बायको हॉस्पिटलच्या लॅबमधून दमून आली आणि चमच्यांच्या खणापुढे उभी राहिली. चहात साखर घालायला आता सही करायची का, असं तिने विचारलं. सही नाही, फक्त तारीख आणि वेळ, असं मी शांतपणे समजावलं. तिने साखर डब्यातून थेट कपात ओतली. अर्धी ओट्यावर.

३ जुलै
नव्याचे नऊ दिवस म्हणतात, यांचे तीनसुद्धा झाले नाहीत. सगळ्या कार्डांवर माझंच अक्षर. कार्डाप्रमाणे घरात मोज्यांचे अकरा जोड, प्रत्यक्षात मोजे पाच, त्यांतला एक माझ्या बापजन्मी न पाहिलेला. पालथ्या घड्यावर पाणी. चिमणी जमिनीवर बसून अभ्यास करते. पाठ दुखते म्हणाली. ताठ बसावं म्हणालो.

३ ऑगस्ट
टेबल आज मोकळं करणारच होतो. पण त्यावरची कार्डं आधी नंबरवारी लावायला हवीत, आणि नंबरवारी लावायला टेबल लागतं. पुढच्या रविवारी.

१९ ऑगस्ट, संध्या. ७
मेहुणी येऊन गेली. नोटीस बोर्ड वाचून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. हसेल नाही तर काय! हिच्या घरी सोफ्यावर बसायचं तर आधी सोफा शोधावा लागतो. इस्त्रीचे कपडे, वर्तमानपत्रं, मांजर. आणि चिमणी हल्ली शाळेतून परस्पर हिच्याकडे जाते. मावशीकडे अभ्यास होतो म्हणते. त्या उकिरड्यात? पोरीला शिस्तीचं वावडं आहे. आईच्या वळणावर गेलीय.

६ सप्टेंबर
बायकोने माळ्यावरचा विषय काढला. माझी नऊ खोकी, जुनी बेअरिंगं, पंख्याच्या दोन मोटारी. भंगार कधी देणार म्हणाली. ते भंगार नाही, राखीव साठा आहे. दहा मिनिटं समजावून सांगितलं. मग लक्षात आलं, ती केव्हाच आत निघून गेली होती.

४ जानेवारी
दोन महिने ऑफिसात स्टॉकचं ऑडिट होतं, घराकडे बघायला सवड झाली नाही. परिणाम समोर आहे. आता कठोर व्हायचं. बिनकार्डाच्या वस्तूला लाल चिठ्ठी. सात दिवसांत कोणी हक्क सांगितला नाही तर भंगारात. स्टोअरमध्ये या नियमाने ट्रकभर कचरा गेला होता. नियम बोर्डावर लावला, मोठ्या अक्षरांत.

११ जानेवारी, रविवार
सात दिवस पूर्ण. एकतीस चिठ्ठ्या, घरातल्या दोघींनी एकाही वस्तूवर हक्क सांगितला नाही. भंगारवाल्याला बोलावून सगळं दिलं. तुटकी छत्री, प्लास्टिकचे डबे, टेबलाखालचं सुट्या कागदांचं खोकं. माझ्या माळ्यावरच्या खोक्यांनाही चिठ्ठ्या होत्या, मी पक्षपात करत नाही; पण मी वेळेत हक्क सांगितला. मायलेकी मेहुणीकडे होत्या. आल्या की चकित होतील.

११ जानेवारी, रात्री
ते सुटे कागद म्हणजे चिमणीच्या नोट्स होत्या. विज्ञान, इतिहास, भूगोल. जूनपासून स्वतःच्या हाताने काढलेल्या. टेबलावर जागा नाही म्हणून खाली ठेवत होती म्हणे. गुरुवारपासून पूर्वपरीक्षा. भंगारवाल्याकडे धावत गेलो, तर गाडी भरून पुढे गेली होती. घरी येऊन म्हणालो, नियम आठवडाभर बोर्डावर होता, चिठ्ठीही लावली होती. चिमणी म्हणाली, घरात सगळ्यालाच काहीतरी चिकटवलेलं असतं बाबा, वाचायचं किती? ओरडली नाही. ओरडायला हवी होती.

१२ जानेवारी
चिमणी बॅग घेऊन मावशीकडे गेली. बोर्डाची परीक्षा होईपर्यंत तिथेच. बायको लॅबमधून परस्पर तिकडे जाते आणि झोपायला घरी येते. मी विचारलं तर उत्तर देते, आपणहून बोलत नाही. रुसवा आहे, आठ दिवसांत जाईल.

२ फेब्रुवारी
गेला नाही. पण एक सांगतो, घर लख्ख आहे. वस्तू जिथल्या तिथे. मोज्यांचा हिशोब जुळला, कारण मोजे फक्त माझेच. टेबलही मोकळं केलं. चाळीस मिनिटं लागली. घड्याळ दोनदा बघितलं. चाळीसच.

८ फेब्रुवारी, रविवार
चिमणी आली, हिवाळी स्वेटर न्यायला. चपला रॅकमध्ये सरळ लावल्या. मनात म्हटलं, बघा, शेवटी वळण लागलंच! बायकोला हाक मारून दाखवणार होतो. मग ती सोफ्याच्या कडेला बसली, बॅग मांडीवर घेऊन. पाणी घेऊ का म्हणाली. या घरात तिने कधी पाणी विचारून घेतलंय? घे की, म्हणालो. प्याली, ग्लास विसळला, पुसून जागेवर ठेवला. अभ्यास कसा चाललाय विचारलं, बरा चाललाय म्हणाली. मावशी कशी आहे, मजेत आहे. मग टेबल मोकळं केलंय, असं सांगून टाकलं. ती तिकडे बघून हसली, छान झालंय म्हणाली. निघताना दारात म्हणाली, येते हं बाबा. मी म्हणालो, आलीस, बरं वाटलं. पाहुण्यांना म्हणतो तसं.