सात पिल्लं आणि निळी लोकर

१२ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. कारण हिला न्यूमोनिया होऊन दवाखान्यात ठेवलंय, आणि कोंबड्यांचं खातं माझ्याकडे आलंय. पिल्लं सात, वय पाच आठवडे. त्यांची आई बोक्याने नेली, त्यामुळे हिच्या कोंबड्यांचा वंश आता एवढाच. शेजारच्या मास्तरांना मी लिहून दिलंय की कोंबड्या ठेवू, कोंबडा एकही नाही. मागचा कोंबडा पहाटे चारला आरवायचा आणि मास्तरीणबाईंचं बीपी वर जायचं. तेव्हा नर कोणते, माद्या कोणत्या, हे ओळखून नर वेळेत घालवायचे. बल्बच्या कारखान्यात बत्तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये होतो. हे काम माझ्या हातचा मळ.

१३ फेब्रुवारी
काही पिल्लांच्या पायात लोकरीचे दोरे दिसले. निळी लोकर, माझ्या जुन्या स्वेटरची. न विचारता उसवलाय. भेटीच्या वेळी जाब विचारणार होतो, पण हिच्या तोंडावर मास्क. तो बाजूला करून म्हणाली, "अहो, दोरे सैल करा. पाय वाढतात." मग तीन बोटं दाखवली. समजलो. तीन दिवसांत घरी.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळ
दोरे सैल करायला बसलो. पिल्लू वळवळतं, गाठ सुटत नाही, चष्म्यातून नीट दिसत नाही. शेवटी कात्रीने कापूनच टाकले. सैल करण्यापेक्षा हे बरं. तुकडे चष्म्याच्या एका जुन्या, रिकाम्या घरात लपवले, ही आली की डोकं खाईल. हिला सांगितलं, काम झालं. हसली. मला म्हणायचं होतं काहीतरी, पण भेटीची वेळ संपली.

१६ फेब्रुवारी
तीन दिवस झाले. डॉक्टर म्हणतात, बघू. म्हणजे उद्या नक्की. चादरी बदलल्या. ओटा पुसला.

१९ फेब्रुवारी
ही गेली. परवा.
पिल्लांना दाणा घातला.

८ मार्च
लेक आज परत गेली. जाताना म्हणाली, आईच्या कोंबड्यांतली एक मला द्या, अंडी द्यायला लागली की न्यायला येईन. म्हणालो, एक काय, दोन ने. ती बसमध्ये चढेपर्यंत रडत होती. मी नाही. सगळे म्हणतात मी रडून मोकळं व्हायला हवं. मला वेळ कुठे आहे? पिल्लांचा तक्ता अजून कोरा आहे.

१५ मार्च
तक्ता केला. प्रत्येक पिल्लाला शंभरपैकी मार्क. लायब्ररीतलं पुस्तक म्हणतं, तुरा लवकर लाल झाला आणि शेपटीजवळची पिसं टोकदार असली तर नर. माझ्या चष्म्यातून सगळीच पिसं सारखी. चष्मेवाल्याकडे नंबर तपासून आलो, पण तो महिना लावणार. ही नुसती बघून सांगायची. कसं, ते मी कधी विचारलं नाही. त्यात विचारण्यासारखं काय आहे, असं वाटायचं.

१७ मार्च
पुस्तक परत केलं. स्वतःची कसोटी काढली: स्वभाव. तिघं अंगावर येतात, हाताला चोच मारतात, दाणा उडवतात, दिवसभर कटकट. हे नर. चौघी शांत, मायाळू. या माद्या. लिहिलेलं परत वाचलं. पस्तीस वर्षं संसार केलेल्या माणसाने असं लिहू नये. तरी कसोटी कायम.

२८ मार्च
चौघी दुपारी व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन बसतात. एक तर माझ्या चपलेवरच झोपते. तिचं नाव बाईसाहेब ठेवलंय. अंगाने सर्वांत थोराड, तुरा लालबुंद, तब्येत उत्तम. लेकीला हीच द्यायची. नाही, ही नाही. हिच्याशी मी बोलतो.

४ एप्रिल
तिन्ही नर पाटीत घालून चिकनवाल्याकडे नेले. त्याने एकाला उचललं, पिसं फुंकून पाहिली आणि म्हणाला, "काका, या तिन्ही तलंगा आहेत. दोन महिन्यांत अंड्यावर येतील. घरी घेऊन जा."
तलंग म्हणजे वयात येणारी कोंबडी, एवढं मलाही कळतं. त्याला माझी बत्तीस वर्षं सांगितली. तो म्हणाला, दोन दिवस बाजूला ठेवतो, विचार बदलला तर या. मी म्हणालो, रिजेक्ट केलेला माल मी आजवर परत घेतलेला नाही. घरी येऊन मास्तरांना कुंपणावरूनच सांगितलं, काम फत्ते. परसात फार शांत वाटतंय. हवं होतं तसंच.

११ एप्रिल, पहाटे ५.१०
बाईसाहेब आरवल्या.
घसा बसला असेल.

१२ एप्रिल, पहाटे ५
चौघीही.

१३ एप्रिल
नवा चष्मा आला. जुना ठेवायला ते रिकामं घर उघडलं. आत निळी लोकर. त्या दिवशी मोजली नव्हती, आज मोजली. एक, दोन, तीन. परत मोजली. तीनच.
तीन दिवस नव्हे. तीन माद्या. हिने ओळखून, खुणा करून ठेवल्या होत्या. श्वास पुरत नव्हता तरी मला सांगितलं होतं. आणि मी म्हणालो, काम झालं. म्हणून हसली ती.
चिकनवाल्याकडे धावत गेलो. त्याने हातातलं काम थांबवलं. म्हणाला, "काका, मी दोन नाही, चार दिवस थांबलो." मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. गिऱ्हाइकांसमोर रडलो. सगळ्यांना हवं होतं तसं. मोकळं वगैरे काही झालं नाही.

१४ एप्रिल
मास्तर कुंपणापाशी आले. म्हटलं, लिहून दिलंय, चारही घालवतो. ते बराच वेळ चष्म्याच्या घराकडे बघत राहिले, कारण ते माझ्या हातात होतं. मग म्हणाले, मंडळी आजकाल तशीही चारला जागीच असते. राहू द्या.

२० एप्रिल
लेकीचा फोन. आधी माझ्या जेवणाची चौकशी, मग आईच्या कोंबड्या कशा आहेत. म्हणालो, चार आहेत, झकास आहेत. एक माझ्या चपलेवर झोपते. ती हसली, किती दिवसांनी. तिने विचारलं, अंडी सुरू झाली का.
म्हणालो, होतील हळूहळू.